‘कोणी आणली’ हा रकाना

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. तीच चार माणसं तीन वर्षं एका जीपमध्ये बसली की ते सीटखाली चिखलासारखे साचतात. रफीकभाई दर रविवारी जीप धुवायचा. चिखल निघून जायचा, किस्से राहायचे.

आता चार जण बसले की म्हणतात, "दसरूभाऊ, तो ट्रकवाला सांगा." सांगून सांगून कंटाळलो. म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे. घडलं ते लिहीन. सजावट येत नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो. जगात एक यादी आहे. एका देशातलं झाड, गवत, मासा दुसऱ्या देशात जातो, तिथं माततो आणि तिथल्यांना हुसकावून लावतो. अशांची ती यादी. कोण कुठून निघाला, कुठं पोचला, कोणी नेला. जगभरची माणसं ती भरतात. गोंदिया जिल्ह्याचा तुकडा वासनिक मॅडमकडं होता. त्या कॉलेजात वनस्पतींचा विषय शिकवायच्या. उंची माझ्या खांद्याइतकी. आवाज मात्र तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर जायचा.

त्यांच्या मदतीला बिसेन सर. त्यांच्याकडं वही, कॅमेरा आणि कॉम्प्युटर. जीप रफीकभाईची. आणि पाण्यातलं, काठावरचं ओळखणारा म्हणून मी. मी ढिवर. जन्मभर डोंगा चालवला, जाळं टाकलं. आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्षही होतो.

मॅडमच्या फॉर्मवर पाच रकाने होते. शास्त्रीय नाव. स्थानिक नाव. कुठं दिसली. ओळखणारा कोण. आणि शेवटचा : कोणी आणली.

पहिले चार रोज भरायचे. पाचवा तीन वर्षांत फक्त दोनदा भरला.

* * *

पहिल्या दिवशी मॅडमनी माझी परीक्षा घेतली. कागदावर चिकटवलेली वाळकी झाडं एक एक करून समोर धरली. चार मी नावानं सांगितली. पाचवं पाहिलं आणि म्हणालो, "हे आपलं नोहोय."

"कशावरून?"

"याले गाय तोंड लावत नाही. अन् माझ्या आजीले याचं नाव येत नव्हतं."

मॅडम बिसेन सरांकडं वळल्या. "बघा बिसेन. मी जे दोन वर्षं शिकवते ते या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं."

माझी निवड झाली. बिसेन सरांनी वहीत नाव लिहिलं. मी वाकून पाहिलं. ‘दसरु’.

"सर, रू दीर्घ."

"काय फरक पडते जी?"

"मंग मी तुमच्या बिसेनातला बि दीर्घ लिवतो. चालते का?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बिसेन, दीर्घ करा. ही यादी जगात जाणार आहे."

मला फार लिहिता येत नाही. पण गुरुजींनी माझं नाव पाटीवर इतक्यांदा गिरवून घेतलं होतं, की एवढं एक कधी चुकलं नाही. या बाईंना ते पटलं. त्याच दिवशी मी ठरवलं, यांच्यासोबत कितीही चिखल तुडवायचा.

* * *

एकदा कॉलेजात परीक्षा होत्या. मॅडमना निघता येईना. बिसेन सर एकटेच मोटारसायकलवर आठ दिवस गावोगाव फिरले. "तुमच्याकडं बाहेरून आलेलं गवत कोणतं?" असं विचारायचे, नाव लिहायचे आणि पुढं निघायचे.

परत आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. "मॅडम, सात नवीन सापडली!"

वहीत सात नावं होती. मुर्रीत ‘मालधक्क्याचं गवत’. आमगावकडं ‘गोंद्याचं गवत’. कोहमाऱ्यात ‘गोंदियावाली’. कोहमाऱ्याच्या पलीकडच्या एका टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, ‘कोहमाऱ्या’. पुढंही अशीच. एका गावात तर व्याह्याच्या गावाचं नाव!

"नमुने कुठायत?" मॅडमनी विचारलं.

"नमुने नाही आणले. पण नावं पक्की आहेत."

परीक्षा संपल्यावर जीप काढली. सातही गावं फिरलो. सातही ठिकाणी लोकांनी हातभर झुडूप उपटून दाखवलं. पांढऱ्या बारीक फुलांचं. सातही ठिकाणी एकच. नेहमीचं गाजरगवत!

सातव्या गावात मॅडम म्हणाल्या, "बिसेन, तुम्ही गवतं नाही गोळा केली. भांडणं गोळा केली!"

रफीकभाई इतका हसला की जीप बाजूला लावावी लागली.

बिसेन सर नावं खोडायला निघाले. मॅडमनी हात धरला. जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. ज्या गावानं ज्या गावाचं नाव घेतलं, तिकडं बाण काढला. टोल्यातून कोहमाऱ्याकडं. कोहमाऱ्यातून गोंदियाकडं. आमगावातून गोंदियाकडं. मुर्रीतून मालधक्क्याकडं. सगळे बाण फिरून फिरून गोंदियातल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर येऊन थांबले. बाहेरचं धान्य जिथं उतरतं तिथं.

मॅडम म्हणाल्या, "लोकांनी ठेवलेलं नाव म्हणजे शिवी नाही, पुरावा आहे. बोट जिकडं, बी तिकडूनच आलेलं."

सातही नावं यादीत गेली. ते वाक्य मी विसरलो नाही. का, ते पुढं सांगतो.

* * *

तलावाकाठी बेशरम वाढतं, सगळ्यांना माहीत आहे. जांभळट फुलं, पोकळ दांडा. तोडून फेकलं तर पडल्या जागी फुटतं. हेही सातासमुद्रापलीकडचं.

बिसेन सरांनी स्थानिक नाव लिहिलं : बेशरम. खाली इंग्रजीत अर्थही दिला. महिनाभरानं यादीवाल्यांचं पत्र कॉम्प्युटरवर आलं. बिसेन सरांनी वाचून दाखवलं. विचारलं होतं, स्थानिक नावाच्या रकान्यात जे लिहिलं आहे ते झाडाचं नाव आहे, की तुमचं झाडाबद्दलचं मत?

बिसेन सर घाबरले. "मॅडम, काय उत्तर देऊ? लंबं स्पष्टीकरण लिहू का?"

मॅडम पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिहा : दोन्ही."

* * *

आमगावच्या बाजाराची गोष्ट. मच्छीवाल्या बाईच्या टोपल्यात मांगूर वळवळत होते. एक आपला मांगूर असतो, एक विलायती. विलायती तलावात सुटला की बाकीच्यांना खातो. बाई म्हणत होती, सगळे देशी. बिसेन सर पुस्तक उघडून चित्र पाहू लागले. पान हवेनं उलटत होतं. मासा काही थांबत नव्हता.

मी डोळे मिटले. टोपल्यात हात घातला. डोक्याच्या मागच्या हाडावरून बोट फिरवलं. "हा आपला. हाडाले एकच टोक." दुसरा धरला. "हा विलायती. याचं हाड मागून करवतीवानी."

बाई म्हणाली, "बुडा मच्छी घेऊन राहिला का नवरी पाहून राहिला?"

रफीकभाई म्हणाला, "मौसी, नवरी विलायती निकली!"

मॅडमनी खात्री करायला टोपलं उलटसुलट करायला लावलं. मी पुन्हा डोळे मिटून सगळे वेगळे केले. बिसेन सरांनी पुस्तकात पाहून एक एक ताडला. एकही चुकला नाही.

बाईनं आपला तळवा पुढं केला. "आता माहा हात पाहून भविष्यबी सांगून टाक जी!"

मॅडमनी पेन काढलं. ‘ओळखणारा’ या रकान्यात स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलं. रू दीर्घ. घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

* * *

मॅडमचा नियम कडक होता. आमच्यासारखाच दुसऱ्या तालुक्यात एक माणूस नोंदी द्यायचा. त्यानं एकदा विलायती कासव दिसल्याची नोंद दिली. मॅडम लगेच गेल्या. कुठल्या तलावात? कोणत्या काठावर? तो गडबडला. कासव त्यानं कॅलेंडरच्या चित्रात पाहिलं होतं!

मॅडमनी वही उघडली आणि त्याच्या सगळ्या नोंदींवर लाल रेघ मारली. सगळ्या.

बिसेन सर कळवळले. "मॅडम, बाकीच्या तं खऱ्या आहेत."

"असतील. आता कशावरून?"

मग आम्हाला म्हणाल्या, "मला शंका आली की मी पेन्सिलनं लिहिते. पेन्सिलची नोंद म्हणजे फक्त विचारणा. ती दुरुस्त होते. पेनानं लिहिली की ती जगाची झाली."

बिसेन सरांनी मान डोलावली. रफीकभाईनं मान डोलावली. मला घाम फुटला.

कारण आमच्या तलावाची नोंद पेन्सिलमध्ये होती.

* * *

आता तेही सांगून टाकतो. आमच्या तलावात जलकुंभी मी आणली.

नव्याण्णव साल. मी कामानं गोंदियाला गेलो होतो. शहराच्या कडेला एक डबकं जांभळ्या फुलांनी भरलं होतं. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. आमचा तलाव पाहायला मोठे साहेब येणार होते. मी नवा अध्यक्ष. दोन रोपं तेलाच्या रिकाम्या डब्यात घातली आणि एसटीनं घेऊन आलो. कंडक्टर म्हणाला, "पूजेले का जी?" मी हो म्हणालो.

साहेब आले तोवर पाळीजवळ चटईभर फुलं झाली होती. साहेब म्हणाले, "वा! तलाव आहे की बगीचा!" मी सगळ्या गावासमोर, आलेल्या पाहुण्यांसमोर छाती काढून म्हणालो, "मी आणली जी."

दोन वर्षांत चटईचा गालिचा झाला. तिसऱ्या वर्षी डोंगा हालेना. जाळ्यात मासे कमी आणि मुळ्या जास्त. शिंगाडा गेला, कमळ गेलं. दर उन्हाळ्यात सारं गाव कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जलकुंभी ओढायचं. पावसाळ्यात ती पुन्हा हजर. मला तोंडावर कोणी काही बोललं नाही. अध्यक्ष ना!

मॅडम पहिल्याच आठवड्यात आमच्या पाळीवर आल्या. विचारलं, "इथं कशी आली?"

मी म्हणालो, "पुरात वाहून आली. वरून."

"वरून?"

त्यांनी मान वर करून पाहिलं. मीही पाहिलं. वर टेकडी होती. पळसाची झाडं होती. वर तलाव नव्हता, ओढा नव्हता, काहीच नव्हतं.

मॅडमनी पेन पर्समध्ये ठेवलं आणि पेन्सिल काढली.

तेव्हा मला पेन्सिलचा अर्थ माहीत नव्हता. कळला तोवर यादीतली पानंच्या पानं माझ्या नावावर झाली होती. माझी एक ओळ खोटी ठरली तर सगळ्यांवर लाल रेघ! चौथी शिकलेल्या माणसाला दुसरी कोणती पुंजी असते?

आणि एक अडचण होती. आमच्या सांडव्याचं पाणी खाली बोरटोल्याच्या तलावात जातं. पाण्यासोबत जलकुंभीही गेली. बोरटोल्याचे लोक तिला काय म्हणतात, ते माझ्या कानावर आलं होतं. नाव म्हणजे पुरावा, हे मॅडमचं वाक्य. म्हणून बोरटोल्याकडं वळायची वेळ आली की मी म्हणायचो, "रस्ता खराब हाय."

पावसाळ्यात म्हणालो, चिखल. हिवाळ्यात म्हणालो, धानाच्या बैलबंड्यांची गर्दी. उन्हाळ्यात म्हणालो, मोरी खचली.

रफीकभाईनं एकदा आरशातून माझ्याकडं पाहिलं. "दसरूभाई, ये रोड बारह महिने बीमार रहता है क्या?"

* * *

ट्रकवाल्याचा किस्सा कोहमाऱ्याचा. हायवेच्या धाब्यावर आम्ही चहा घेत होतो. समोर दूरचा एक ट्रक उभा होता. मॅडमनी चहाचा चमचा उचलला, ट्रकजवळ गेल्या, खाली बसल्या आणि टायरच्या खाचेतला चिखल खरवडून कागदाच्या पुडीत भरू लागल्या.

ड्रायव्हर जेवण टाकून धावत आला. त्याला वाटलं, तपासणीवाल्या बाई आहेत. हात जोडून म्हणाला, "मैडम, अब मिट्टी का भी चालान कटता है क्या?"

मॅडम कामात होत्या. उत्तर रफीकभाईनं दिलं. "चालान नहीं भाई. तेरी गाड़ी में परदेसी बैठा है. बिना टिकट."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. त्यानं मागचा फाळका उघडला, ताडपत्री फेकली. "देख लो साहब! कांदे के सिवा कोई नहीं है!"

मग मॅडमनी त्याला शेजारी बसवलं. चिखलात बी कसं चिकटतं, कुठून कुठं जातं, सगळं समजावलं. दहा मिनिटं. कॉलेजातल्या मुलांना सांगावं तसं, तितक्याच मानानं. तो मान हलवत ऐकत राहिला. जेवण थंड झालं.

ती माती मॅडमनी घरी कुंडीत टाकली, पाणी दिलं. त्यातून गाजरगवत उगवलं, आणखी दोन अनोळखी रोपं उगवली. बिसेन सर चार दिवस पुस्तकं चाळत होते.

पण खरी गोष्ट पुढं. तीन महिन्यांनी त्याच धाब्यावर थांबलो. मालकानं गल्ल्याखालून एक पिशवी काढली. "वो ट्रकवाला छोड़ के गया. बोला, चमचेवाली मैडम को देना."

पिशवीत पुड्या होत्या. प्रत्येकीत टायरचा चिखल. प्रत्येकीवर वाकड्या अक्षरात गावाचं नाव. रायपूर. विजयवाडा. इंदूर. एका पुडीवर लिहिलं होतं, "नाम नहीं मालूम, नदी के बाद."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बिसेन," म्हणाल्या, "माझ्या एकाही विद्यार्थ्यानं मला एवढे नमुने दिले नाहीत."

* * *

पाचवा रकाना पहिल्यांदा भरला तो वृक्षारोपणाच्या दिवशी. त्या रकान्याचं दुखणं असं होतं, की कबूल कोणीच करायचं नाही. विचारलं की लोक म्हणायचे सरकारनं आणली. पाखरानं आणली. शेजारच्या गावानं आणली. एक आजीबाई म्हणाली, "कायले आणन कोणी? स्वतःच आली. तिले का पाय नाहीत?"

तर त्या दिवशी एका गावात मंडप होता, हार होते. एक पुढारी सुबाभूळ लावत होते. सुबाभूळ आमच्या यादीत होतीच. मॅडम वाट काढत थेट खड्ड्यापाशी पोचल्या. आम्हाला वाटलं आता भांडण. मॅडमनी नमस्कार केला.

"आपण लावलेल्या या झाडाची नोंद घ्यायची आहे. आपलं नाव जगाच्या यादीत जाईल."

"जगाच्या?"

"हो. ‘कोणी आणली’ असा खास रकाना आहे."

पुढाऱ्यांनी हातातली झारी खाली ठेवली. "मग पूर्ण लिहा. वडिलांच्या नावासकट!"

बिसेन सरांनी लिहिलं. पेनानं. पुढाऱ्यांनी खाली सहीदेखील केली. फोटोही काढून घेतला.

जीपमध्ये आम्ही हसून लोळत होतो. मॅडम हसत नव्हत्या. म्हणाल्या, "हसू नका. तीन वर्षांत नाव देणारा हा एकच माणूस भेटला. त्याला माहीत नव्हतं म्हणून दिलं. माहीत असून देणारा भेटेल त्या दिवशी मी त्याच्या पाया पडेन."

मी खिडकीबाहेर पाहत होतो.

* * *

त्या वर्षी बोरटोल्याचा रस्ता पक्का झाला. डांबरी. नव्या मोरीसह. रफीकभाईनं जीप मुद्दाम त्या फाट्यावर थांबवली. "दसरूभाई, मरीज ठीक हो गया!"

माझ्याकडं कारण उरलं नाही. जीप वळली.

तलाव गावाला लागूनच होता. हिरवागार. पाणी दिसतच नव्हतं. काठावर एक सून आणि तिची सासू जलकुंभी ओढत होत्या. सून नवी असावी, माझी ओळख नव्हती. सासू पाठमोरी होती.

मॅडम काठावर बसल्या. एक रोप उचललं. "बाई, याला काय म्हणता तुम्ही?"

"दसरू," सून म्हणाली.

बिसेन सरांचं पेन थांबलं.

"काय म्हणता?"

"दसरू जी! लय वंगाळ हाय. काल बंडीभर दसरू काढला, आज पाहा, पुन्हा दसरू. या दसरूच्या पायी मच्छी मेली, शिंगाडा मेला. जनावर तोंड लावत नाही. वाळवून जाळाले गेलं तं नुसता धूर करते!"

"दसरू काऊन म्हणतात?" बिसेन सरांनी विचारलं.

"मले का माहीत? मी लगीन होऊन आली तवापासून दसरूच आयकून राहिली."

तेवढ्यात सासू वळली. मला पाहिलं. डोईवरचा पदर पुढं ओढला आणि सुनेला कोपरानं ढोसलं. "चूप वं! बुडा उभा हाय ना मांगं!"

"कोन बुडा?"

सासूनं तिच्या कानात सांगितलं. सुनेच्या हातातला जलकुंभीचा भारा पाण्यात पडला.

रफीकभाई आभाळाकडं पाहू लागला. आभाळात काही नव्हतं. मॅडमनी बिसेन सरांकडून वही घेतली आणि मागची पानं उलटली. पहिल्या आठवड्याचं पान निघालं. आमचा तलाव. पेन्सिलच्या अक्षरात : पुरात, वरून. त्यांनी पान उघडं ठेवलं. पर्समधून खोडरबर काढलं. खोडलं मात्र नाही. नुसतं हातात धरून बसल्या. माझ्याकडं पाहिलंही नाही.

मग वही बिसेन सरांना परत दिली. "आधी हे नाव लिहा."

बिसेन सरांनी खाली मान घालून बोरटोल्याच्या पानावर लिहिलं. मी पुढं झालो, वाकून पाहिलं. ‘दसरु’.

"सर," मी म्हणालो, "रू दीर्घ."

मॅडमनी तेव्हा मान वर केली. "कोणत्या रकान्यात, दसरूभाऊ? ‘स्थानिक नाव’, की ‘कोणी आणली’?"

"दोन्ही."